कोळसा काय धरतो, काय सोडतो

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस सोलापुरात घराघरांतून ताज्या रंगाचा वास येतो. पावसाळ्यात पोपडे धरलेल्या भिंती खरवडायच्या, पुट्टी भरायची, वर रंगाचे दोन हात द्यायचे. दारे-खिडक्यांना ऑइलपेंट आणि जुन्या कपाटाला पॉलिश. पेटीतल्या चादरी उन्हात टाकायच्या आणि नव्या डांबरगोळ्या घालून पुन्हा घड्या करून ठेवायच्या. मग फराळाचे तळण, उदबत्ती, कापूर आणि शेवटी फटाके. सणाचा म्हणून जो वास आपण ओळखतो, त्यातला बराचसा भाग रसायनशास्त्राच्या पुस्तकात घरातल्या हवाप्रदूषणाच्या प्रकरणात सापडतो.

या वासावरचा उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत एक काळी वस्तू बाजारात आली आहे. हवाशुद्धीकरण यंत्रातली काळी जाळी, मोटारीत टांगायची काळ्या गोळ्यांची थैली, फ्रिजमध्ये ठेवायची डबी, धुराडे नसलेल्या चिमणीतली गादी. या सगळ्यांत एकच पदार्थ असतो: सक्रिय कोळसा, म्हणजे ज्याला दुकानदार 'ॲक्टिव्हेटेड कार्बन' म्हणतात. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक हा प्रश्न हमखास विचारतात, की याचा खरोखर उपयोग होतो का? माझे उत्तर असते, होतो. पण ते उत्तर तेवढ्यावर सोडले तर दिशाभूल होते. कशावर होतो, किती दिवस होतो आणि कोणाच्या घरात होतो, असे तीन प्रश्न त्यामागून यायला हवेत. हा लेख त्या तीन प्रश्नांचा आहे.

चार ग्रॅममध्ये एक एकर

चुलीतला किंवा शेगडीतला कोळसा आणि सक्रिय कोळसा यांत मूलद्रव्य तेच, कार्बन. फरक आहे तो पोकळीचा. नारळाची करवंटी हवेशिवाय तापवली की तिच्यातले पाणी, डांबर, वायू निघून जातात आणि साधा कोळसा उरतो. हाच कोळसा साधारण ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास वाफेच्या सान्निध्यात ठेवला, की वाफ त्यातला थोडा थोडा कार्बन खाऊ लागते. वाळवी लाकूड पोखरते तशी वाफ कोळसा पोखरते. आतमध्ये बोगदे तयार होतात, बोगद्यांना फाटे फुटतात, फाट्यांना आणखी बारीक फाटे. शेवटच्या फाट्यांची रुंदी दोन नॅनोमीटरपेक्षाही कमी असते, म्हणजे काही मोजके रेणू शेजारी शेजारी मावतील एवढीच.

या सगळ्या बोगद्यांच्या भिंतींचे क्षेत्रफळ मोजले तर चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅम कोळशात ते हजार चौरस मीटरच्या घरात जाते. आपल्या हिशेबात सांगायचे तर एका ग्रॅममध्ये दहा गुंठे आणि चार ग्रॅममध्ये एक एकर. चहाच्या चमच्यात मावेल एवढ्या भुकटीत एवढी जमीन दडलेली असते.

या भिंतींवर हवेतले रेणू येऊन चिकटतात. स्पंज पाणी पितो तेव्हा पाणी स्पंजाच्या अंगभर मुरते, त्याला आपण शोषण म्हणतो. इथे तसे होत नाही. रेणू फक्त पृष्ठभागावर बसतात, म्हणून शास्त्राच्या मराठीत याला अधिशोषण हा वेगळा शब्द आहे. बसलेल्या रेणूला धरून ठेवणारे बळ फार मोठे नसते. अगदी जवळ आलेल्या कोणत्याही दोन रेणूंमध्ये जी क्षीण ओढ असते, तीच. पण अरुंद बोगद्यात रेणूला दोन्ही बाजूंनी भिंती ओढतात, आणि दोन क्षीण ओढींची मिळून एक बऱ्यापैकी पकड होते. ही पकड कोणावर बसते आणि कोणावर बसत नाही, यातच कोळशाचे सगळे गुण आणि सगळ्या मर्यादा आहेत.

साखरेपासून युद्धापर्यंत

कोळशाच्या या गुणाचा मोठ्या प्रमाणावर वापर पहिल्यांदा झाला तो हवेसाठी नाही, साखरेसाठी. कोळसा वायू धरून ठेवतो हे स्वीडनचे कार्ल शेले यांनी १७७३ मध्ये पाहिले होते. १७८५ मध्ये रशियात टोबियास लोविट्झ यांना दिसले, की तो द्रवातला रंगही काढतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या साखर कारखानदारांनी हाडे जाळून केलेल्या कोळशातून पाक गाळायला सुरुवात केली आणि पिवळट साखर पांढरीशुभ्र निघू लागली. आपल्याकडे स्वदेशीच्या चळवळीत विलायती साखरेवर बहिष्कार घालताना हाडांचा हा मुद्दा जोराने मांडला गेला होता. साखर कारखान्यांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सोलापूरच्या वाचकांना ही आठवण रुचावी. पुढे १९०० आणि १९०१ मध्ये राफाएल फॉन ओस्ट्रेयको यांनी वनस्पतिजन्य कोळसा वाफेने किंवा रसायनाने पोखरण्याच्या पद्धतींची पेटंटे घेतली, आणि आजच्या अर्थाचा सक्रिय कोळसा जन्माला आला.

हवेसाठी कोळसा वापरण्याची कल्पना मात्र त्याही आधीची आहे, आणि तिची कथा आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाते. लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ जॉन स्टेनहाउस यांनी मेलेले प्राणी कोळशाच्या भुकटीत पुरून प्रयोगशाळेत ठेवले. महिने गेले, तरी खोलीत दुर्गंधी आली नाही. १८५४ मध्ये त्यांनी कोळशाचा श्वसन-मुखवटा केला, आणि लंडनच्या मॅन्शन हाउसमधल्या न्यायकक्षात बाहेरची हवा येण्याच्या मार्गावर कोळशाची जाळी बसवली गेली. बंद खोलीत येणारी हवा कोळशातून गाळून घेण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत याची गणना करता येईल.

तो काळ लक्षात घ्यायला हवा. रोग दुर्गंधीतून पसरतात, असे तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत होते. त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला, हे समीकरण त्यांना साहजिक वाटत होते. त्याच १८५४ साली लंडनमध्येच जॉन स्नो कॉलऱ्याचे मूळ एका पंपाच्या पाण्यात शोधत होते. दुर्गंधीचा सिद्धांत पुढे मोडीत निघाला. वास आणि धोका एकच हे समीकरण मात्र आपल्या मनातून गेलेले नाही. आजची काळी थैलीही त्याच समीकरणावर विकली जाते.

१८७१ मध्ये जॉन टिंडल यांनी आगीचे बंब हाकणाऱ्या जवानांसाठी मुखवटा तयार केला, तेव्हा नुसता कोळसा पुरत नाही हे त्यांना कळले होते. त्यांनी कोळशाच्या जोडीला ग्लिसरीनने ओलसर केलेला कापूस आणि चुना घातला. धुरातले कण कापसाने अडवायचे, वाफा कोळशाने धरायच्या, आम्लधर्मी वायू चुन्याने. एकाच नळकांड्यात तीन पदार्थ, कारण हवेतल्या शत्रूंच्या जाती तीन. त्याच दशकात सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली.

ही वाटणी विसरल्याची किंमत पुढे पहिल्या महायुद्धात मोजावी लागली. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणभूमीवर जर्मनांनी क्लोरीन सोडला. त्याच वर्षी रशियात निकोलाय झेलिन्स्की यांनी सक्रिय कोळशाचा मुखवटा पुढे आणला. १९१८ मध्ये अमेरिकेत पीचच्या बिया आणि अक्रोडासारख्या फळांची कवचे जमा करण्याची मोहीम निघाली. सात पौंड कवचांतून एका शिपायाच्या मुखवट्यापुरता कोळसा होतो, असे लोकांना सांगितले जाई. दरम्यान १९१७ च्या उन्हाळ्यात जर्मनांनी आर्सेनिकचे एक संयुग अतिसूक्ष्म कणांच्या रूपात सोडले. कोळसा वाफ धरतो, कण धरत नाही. कण मुखवट्यातून सरळ आत गेले, शिपायांना शिंका आणि उलट्यांनी बेजार केले आणि त्यांना मुखवटा काढायला भाग पाडू लागले. मग मुखवट्यात तंतूंचा एक वेगळा थर घालावा लागला. आज हवाशुद्धीकरण यंत्रात 'हेपा' नावाची जी पांढरी चुणीदार गाळणी असते, तिचे पूर्वज हे थर. काळी जाळी आणि पांढरी गाळणी यांची जोडी जाहिरातदारांनी सुचवलेली नाही. ती युद्धात माणसे गमावून शिकलेली आहे.

उकळणबिंदूची शिडी

आता पहिला प्रश्न: कोळसा कशावर चालतो? विद्यार्थ्यांना मी यासाठी एक ढोबळ नियम सांगत असे. ज्या पदार्थाचा उकळणबिंदू जास्त, त्याचे रेणू एकमेकांना आणि भिंतीलाही घट्ट धरतात. म्हणून उकळणबिंदूंची शिडी मांडा आणि वरच्या पायऱ्यांपासून खाली या.

सर्वांत वर तंबाखूतले निकोटिन, २४७ अंश सेल्सिअस. डांबरगोळीतले नॅप्थॅलिन, २१८. कापूर, दोनशेच्या थोडा वर. त्याखाली ऑइलपेंट आणि थिनर यांतले झायलीन, १४० च्या आसपास, टोल्युइन १११, पेट्रोलमधले बेंझीन ८०. इथपर्यंत कोळशाची पकड चांगली आहे. रंगकामानंतरची खोली, पॉलिश केलेले कपाट, रॉकेलचा किंवा सिगारेटचा वास, या ठिकाणी पुरेसा कोळसा आणि त्यातून हवा ढकलणारा पंखा यांचा खरा फायदा होतो.

शिडीच्या मधल्या पायरीवर ॲसिटाल्डिहाइड, २० अंश. तिथे पकड ढिली पडते. त्याखाली फॉर्माल्डिहाइड, उणे १९. प्लायवूड आणि एमडीएफ यांच्या गोंदातून हा वायू वर्षानुवर्षे सुटत राहतो आणि तो कर्करोगकारक आहे. नवे फर्निचर करणाऱ्यांना नेमकी त्याचीच काळजी असते, आणि साधा कोळसा नेमका त्याच्याच बाबतीत कमी पडतो. त्यासाठी कोळशावर किंवा दुसऱ्या सच्छिद्र पदार्थावर त्याच्याशी अभिक्रिया करणारे रसायन चढवावे लागते. अमोनिया, उणे ३३: त्यालाही आम्ल चढवलेला कोळसा लागतो.

शिडीच्या तळाशी कार्बन मोनॉक्साइड, उणे १९१. त्याला कोळसा हातही लावत नाही. महायुद्धातल्या मुखवट्यांनाही तो अडवता आला नव्हता. त्यासाठी मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडांचे 'हॉपकलाइट' नावाचे वेगळे मिश्रण शोधावे लागले. हा मुद्दा मी मुद्दाम ठळक करतो, कारण तो जिवाशी जोडलेला आहे. हिवाळ्यात बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे माणसे बेशुद्ध पडून दगावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. तो मारेकरी हाच. त्याला रंग नाही, वास नाही. धुराडे नसलेल्या चिमणीतली कोळशाची गादी फोडणीचा वास कमी करील, पण शेगडीतला हा वायू जसाच्या तसा पुन्हा स्वयंपाकघरात सोडील. गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवणे आणि स्वयंपाकघरातली हवा बाहेर फेकणारा पंखा लावणे, याला कोळशाचा पर्याय नाही.

शिडीचा नियम ढोबळ आहे, त्याला अपवाद आहेत. ओझोनचा उकळणबिंदू फार खाली असूनही तो कोळशावर नाहीसा होतो, कारण तो कोळशाशी अभिक्रिया करतो. पाण्याची वाफ कोरड्या हवेत कोळशाला फारशी चिकटत नाही, पण आर्द्रता साठ टक्क्यांच्या पुढे गेली की तीच बोगदे अडवून बसते. उष्णताही कोळशाच्या विरोधात जाते, कारण तापलेले रेणू पकडीतून सुटतात. कोळशाला कोरडे आणि थंड घर आवडते. सोलापूर कोरडे आहे. ४२-४३ अंशांच्या मे महिन्यात त्याला थंड म्हणणे कठीण.

किती कोळसा, किती दिवस

दुसरा प्रश्न हिशेबाचा आहे. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची एक खोली घ्या. तिच्यात साधारण ३४ घनमीटर हवा मावते. समजा रंगकाम झालेले आहे आणि दर घनमीटर हवेत सगळ्या सेंद्रिय वाफा मिळून ५०० मायक्रोग्रॅम आहेत. खिडकीच्या फटींतून तासाला एकदा खोलीतली हवा बदलते, तरीही वाफांचे प्रमाण तेवढेच राहते, याचा अर्थ भिंती आणि फर्निचर तासाला १७ मिलिग्रॅम वाफ सोडत आहेत. दिवसाचे ४०० मिलिग्रॅमहून थोडे जास्त.

आता यंत्रात २०० ग्रॅम कोळसा आहे असे धरू. इतक्या विरळ वाफांच्या बाबतीत कोळसा आपल्या वजनाच्या काही टक्केच धरू शकतो. पाच टक्के धरले तर दहा ग्रॅम. भिंतींनी सोडलेली सगळी वाफ कोळशानेच धरायची ठरवली तर तो चोवीस-पंचवीस दिवसांत भरतो. अनेक स्वस्त यंत्रांत कोळशाची भुकटी चिकटवलेली पातळ जाळी असते, तिच्यात कोळसा याहून कितीतरी कमी. तिचे दिवस त्या प्रमाणात कमी.

अडचण अशी, की भरलेला कोळसा भरल्याचे सांगत नाही. पांढरी गाळणी काळवंडते, हवेचा जोर कमी होतो, तिचे वय डोळ्यांना दिसते. कोळसा मुळातच काळा, आणि त्याच्यातून हवा पहिल्या दिवसासारखीच जाते. इतकेच नव्हे, तर शिडीवरच्या वरच्या पायरीची वाफ आली की ती आधी बसलेल्या खालच्या पायरीच्या वाफेला उठवून तिची जागा घेते. म्हणजे जुना झालेला कोळसा कधी कधी धरलेले परत सोडू लागतो.

टांगायच्या थैलीचे काय? खोलीतली ३४ घनमीटर हवा आपण होऊन त्या थैलीकडे चालत जात नाही. थैलीच्या अंगाला जी हवा लागेल तेवढीच साफ होते, आणि तोवर भिंतींतून नवी वाफ आलेली असते. चपलांचे कपाट, चादरींची पेटी, बंद मोटार अशा लहानशा बंद जागेत तिचा उपयोग होतो. बैठकीच्या खोलीत ती शोभेची वस्तू होते. थैली महिन्यातून एकदा उन्हात ठेवा म्हणजे ती नव्यासारखी होते, असे पाकिटावर लिहिलेले असते. उन्हाने बोगद्यांतले पाणी आणि काही हलक्या वाफा निघून जातात, हे खरे. वरच्या पायऱ्यांवरचे पदार्थ बाहेर काढायला मात्र पुन्हा आठशे-नऊशे अंशांची भट्टी आणि वाफ लागते. सोलापूरचे ऊन कितीही कडक असले तरी तिथवर पोचत नाही.

घरातली झाडे हवा साफ करतात, या समजाची गोष्टही इथेच सांगून टाकतो. १९८९ मध्ये अमेरिकेच्या 'नासा'साठी बिल वोल्व्हर्टन यांनी बंद पेट्यांत प्रयोग केले, आणि त्यांच्या पुढच्या रचनेत झाडांच्या मुळांशी सक्रिय कोळसा घालून पंख्याने हवा ओढलेली होती. पुढे झाड लक्षात राहिले, कोळसा आणि पंखा विस्मरणात गेले. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. खिडकीतून होते तेवढी सफाई साध्या कुंड्यांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजार झाडे लागतील, असे त्यातून निघाले. तुळस दारात असावी. तिच्यावर हे ओझे टाकू नये.

विडीच्या घरात

तिसरा प्रश्न, कोणाच्या घरात, हा मला सोलापुरानेच शिकवला. गिरण्या बंद पडल्यानंतरही या शहरात दोन उद्योग घराघरांत टिकून राहिले, यंत्रमाग आणि विडी. पूर्व भागात, विडी घरकुलात, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विड्या वळणाऱ्या बायकांची संख्या साठ-सत्तर हजारांच्या घरात सांगितली जाते. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा, पाने भिजवायची, कातरायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या आणि हजाराच्या हिशेबाने मजुरी घ्यायची. जिथे स्वयंपाक, जिथे मुलांचा अभ्यास, तिथेच तंबाखू.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईने मला एकदा विचारले होते, "सर, पोरगा म्हणतो काळ्या गोळ्यांचं पुडकं मिळतं, भिंतीला लावायचं. लावलं तर खोकला कमी होईल का?" मी म्हणालो, "अक्का, वास जरासा कमी होईल. खोकला नाही व्हायचा." त्यावर त्या हसून म्हणाल्या, "वास तर आता येतच नाही मला." चाळीस वर्षे विडी वळलेल्या बाईचे हे वाक्य माझ्यासाठी एखाद्या शोधनिबंधाइतके मोलाचे आहे. वास हा धोक्याचा किती कच्चा मापक आहे, हे यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही.

त्या खोलीतली हवा शिडीवर ठेवून पाहू. निकोटिनची वाफ वरच्या पायरीवरची, म्हणजे कोळसा ती धरील. पण त्या हवेतला मोठा धोका वाफेचा नाही, तंबाखूच्या धुळीचा आहे. सुपात तंबाखू ओतताना, चाळताना, विडीत भरताना ती उडते. नाकातोंडावाटे आत जाते, आणि निकोटिन तर कातडीतूनही जाते. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विडी उद्योगातल्या कामगारांच्या लघवीत कोटिनिन तपासले होते. कोटिनिन म्हणजे शरीराने निकोटिनचे केलेले रूप. ते वाढलेले आढळले. विडी न ओढताही तंबाखू शरीरात पोचते, याचा तो पुरावा. अशा घरातल्या धुळीपुढे काळी थैली म्हणजे १९१७ चा नुसत्या कोळशाचा मुखवटा.

यंत्रमागाच्या घरातही तेच. तिथे उडतात ते कापसाचे तंतू. वर्षानुवर्षे ती धूळ छातीत गेली की 'बिसिनोसिस' हा श्वासाचा आजार होतो, आणि सुट्टीनंतर कामावर आलेल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे ही त्याची जुनी खूण आहे. कोळशाला त्यातले काही धरता येत नाही.

मग काय धरते? एक म्हणजे तंतूंची गाळणी, पण विडीच्या मजुरीत यंत्र आणि दर काही महिन्यांनी नवी गाळणी बसत नाही. राहतात ते साधे उपाय, आणि ते साधे असूनही खरे आहेत. तंबाखू झाकणाच्या डब्यात ठेवणे. चाळायचे काम बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून. केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसणे, कारण कोरडा झाडू बसलेली धूळ पुन्हा उडवतो. सुपाच्या जवळच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा लहान पंखा. कामाची साडी वेगळी, आणि रांगते मूल त्या जागेपासून दूर. बायकांनी यातले एक स्वतःच केव्हाच शोधून काढले आहे: त्या उंबरठ्यात बसून विड्या वळतात. उजेड मिळतो असे त्या सांगतात. वाराही मिळतो.

उंबरठ्याच्या अलीकडे

तोच उंबरठा कायद्यातही आहे. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ मध्ये केंद्राचा कायदा झाला. कामाच्या जागेत स्वच्छता असावी, पुरेशी हवा खेळती राहावी, गर्दी नसावी, अशी कलमे त्यात होती. पण ज्या 'औद्योगिक जागे'ला ती लागू होती, तिच्या व्याख्येतच कंसात लिहिले होते, की खासगी राहते घर यात मोडत नाही. कारखान्यातली विडी घरी गेली तेव्हा तंबाखू उंबरठा ओलांडून आत आली. हवेचा नियम उंबरठ्यापाशी थांबला. हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामाची स्थिती या संहितेत विलीन करण्यात आला आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर घरे आहेत, आणि घरांत सूप अजून तिथेच आहे.

बाहेरच्या हवेचे तसे नाही. तिच्यासाठी २००९ पासूनची राष्ट्रीय मानके आहेत. ती मानके न गाठणाऱ्या शहरांसाठी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला, आणि त्या शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव आहे. त्यामुळे चौकातली हवा कोणीतरी मोजते. घरातल्या हवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये नऊ प्रदूषकांची मार्गदर्शक यादी दिली. कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, फॉर्माल्डिहाइड तिच्यात आहेत, तसे आपल्या डांबरगोळीतले नॅप्थॅलिनही आहे. काही नवजात बाळांमध्ये ते तांबड्या पेशी फोडू शकते, म्हणून बाळंतिणीच्या खोलीतल्या पेटीत डांबरगोळ्या न घालणे हा कोणत्याही कोळशापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय. आपल्या घरातल्या हवेला मात्र मोजणारा नाही आणि बंधनकारक मानकही नाही.

म्हणून दिवाळीच्या खरेदीला निघालेल्या वाचकांना माझा सल्ला असा. घराला रंग देऊन झाल्यावर आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवा. फटाक्यांच्या रात्री त्या बंद करा. यंत्र घ्यायचेच असेल तर दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: पांढरी गाळणी कोणत्या दर्जाची आहे, आणि कोळसा किती ग्रॅम आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला देता आले नाही, तर तेही एक उत्तर समजा. जाळी बदलण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. गॅस गिझर असेल तर आधी त्याची जागा बदला, मग यंत्राचा विचार करा.

आणि विडी कामगारांच्या वसाहतींबद्दल माझी मागणी अशी. २००६ मध्ये कुंभारीला दहा हजार घरे उभी राहिली, कारण कामगारांना स्वतःचे घर हवे हे आधी कोणीतरी लावून धरले होते. आता प्रत्येक गल्लीच्या टोकाला कामाची एक सामाईक शेड हवी: वर पत्रा, तिन्ही बाजू उघड्या, एका भिंतीत हवा ओढणारे दोन पंखे, आणि तंबाखूसाठी झाकणाच्या पेट्या. बायका तिथे बसून विड्या वळतील आणि तंबाखू घरात न आणता तिथेच ठेवून जातील. याला कोळसा लागत नाही, आणि कोणतेही नवे संशोधन लागत नाही. लागेल तो जागेचा एक तुकडा आणि विजेचे एक मीटर, आणि ते कोणाच्या नावावर घ्यायचे हे महापालिका, ग्रामपंचायत आणि कारखानदार यांनी एकत्र बसून ठरवायचे आहे.